वर्गात शिक्षकांची चूक दाखवणं, गुणांवर हरकत, टीका आणि शिक्षकांचा अधिकार: प्रत्यक्षात कसं हाताळावं?

खडूफळा
माध्यमिक वर्गातला एक गुंता सोडवायचा आहे. तेरा ते सतरा वयाची मुलं फळ्यावरची चूक दाखवतात, गुणांवर हरकत घेतात, शिकवण्याच्या वेगाबद्दल कुरकुरतात, कधी शिक्षकांच्या वागण्याबद्दल बोलतात. या सगळ्याला मिळून 'उलट बोलणं' असं एकच नाव पडतं आणि उपायही एकच होतो, गप्प बसवणं. काही वर्गांत याच्या अगदी उलट घडतं. कुणी काहीही, कधीही बोलतं आणि तास हातातून जातो.

माझ्या मते ही चार वेगळी प्रकरणं आहेत.

१. आशयावरची हरकत: 'हे समीकरण चुकलंय.'
२. गुणदानावरची हरकत: 'माझे दोन गुण का गेले?'
३. पद्धतीवरची टीका: वेग, गृहपाठ, बसण्याची व्यवस्था, नियम.
४. वागणुकीबद्दलची तक्रार: टोमणे, भेदभाव, चारचौघांत अपमान.

पहिलीला तिथल्या तिथे उत्तर हवं. दुसरी लेखी आणि थोडी थांबून घ्यावी, तिसरीसाठी वेळ ठरलेली असावी. चौथी वर्गात उकलायचीच नाही, त्या शिक्षकांना वगळून दुसऱ्या जबाबदार व्यक्तीकडे जाण्याची वाट मोकळी असायला हवी. वाटा वेगळ्या केल्या की शिक्षकांचा अधिकार कमी होत नाही, उलट पक्का होतो, असं मला ठामपणे वाटतं. पण 'मुलांचं ऐका' एवढं म्हणून भागत नाही. कोणते शब्द, किती मिनिटं, कोणता कागद, आणि कुठे फसतं, ते इथे नेमकं लिहूया.

प्रमेय
पहिल्या प्रकारावर लिहितो. समजा, सरळ वर फेकलेल्या चेंडूबद्दल शिकवताना शिक्षक म्हणाले, 'सर्वोच्च बिंदूला वेग शून्य, म्हणून त्वरणही शून्य.' एका मुलीने हात वर केला, 'त्वरण शून्य असेल तर चेंडू खाली कशाला येईल?' मुलगी बरोबर आहे. त्या क्षणीही त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, खालच्या दिशेनेच असतं. आता काय करायचं?

आधी तिचं म्हणणं सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणायचं. मागच्या बाकावर अर्धंच पोचलेलं असतं आणि तिथूनच कुजबुज सुरू होते. मग फळ्यावर तपासायचं: वेग क्षणभर शून्य असला तरी तो बदलतोच आहे, आणि त्वरण म्हणजे वेग बदलण्याचा दर. मग स्पष्ट शब्दांत सांगायचं, 'माझं वाक्य चुकलं, हिचं बरोबर आहे.' शेवटी वहीत दुरुस्ती करून घ्यायची. एवढ्याला दोन मिनिटं पुरतात.

चूक डस्टरने पुसू नका. ज्यांनी ती ओळ आधीच उतरवली त्यांच्या वहीत ती तशीच राहते आणि परीक्षेत तीच उतरते. फळ्यावरच्या ओळीवर आडवी रेघ मारा, खाली बरोबर ओळ लिहा आणि मुलांनाही तसंच करायला सांगा. चूक, बरोबर आणि कारण, तिन्ही वहीत राहायला हवीत.

दोन मिनिटांत निकाल लागत नसेल तर फळ्याच्या एका कोपऱ्यात चौकट आखून प्रश्न तिथे लिहायचा आणि शेजारी 'पुढचा तास' असं लिहायचं. पुढच्या तासाची सुरुवात त्या चौकटीपासून करायची. हे एकदा जरी राहिलं तरी चौकटीवरचा विश्वास उडतो, आणि 'नंतर बघू' याचा मुलं लावतात तो अर्थ खरा ठरतो.

विद्यार्थी चुकीचा असतो तेव्हाची रीतही तितकीच महत्त्वाची. 'पृथ्वी सूर्याजवळ असते म्हणून उन्हाळा येतो ना?' अशी हरकत आली, तर नुसतं 'चूक' म्हणणं म्हणजे पदाचा धाक वापरणं. पुरावा द्या: पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, जानेवारीच्या सुरुवातीला असते, तेव्हा उत्तर गोलार्धात हिवाळा असतो. अंतर हेच कारण असतं तर दोन्ही गोलार्धांत उन्हाळा एकाच वेळी आला असता. मग अक्षाच्या सुमारे साडेतेवीस अंशांच्या कलाकडे वळता येतं. मूल हरतं, पण युक्तिवादाने हरतं. याने ते दुखावत नाही.

वेळापत्रक
पटण्यासारखं आहे, पण एक अडचण गंभीर आहे. चाळीस मिनिटांचा तास आणि पंचेचाळीस मुलं. दोन-दोन मिनिटांच्या पाच हरकती आल्या की दहा मिनिटं, म्हणजे तासाचा पाव भाग गेला. शिवाय काही मुलं तास उधळण्यासाठीच प्रश्न काढतात, हे प्रत्येक शिक्षकाला माहीत असतं. त्यांना वेगळं कसं काढायचं?

आणि काही ठिकाणी चर्चेला जागाच नको. प्रयोगशाळेत बर्नर पेटलेला आहे, परीक्षानळीत आम्ल आहे, अशा वेळी सूचना आधी पाळायची, प्रश्न नंतर. हे आधीच सांगून ठेवलेलं असलं पाहिजे. मोकळीक देण्याच्या उत्साहात ही सीमारेषा पुसली गेली तर कुणाला तरी भाजेल.

अधोरेखित
@वेळापत्रक, प्रयोगशाळेच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. सुरक्षेच्या सूचनेवर 'का' विचारायचा हक्क राहतो, फक्त त्याची वेळ बदलते. हेच वाक्य प्रयोगशाळेच्या दारावर लावावं.

तास उधळणाऱ्या प्रश्नाची ओळख मुलाच्या तोंडाकडे बघून करू नका, हरकतीकडे बघून करा. 'कुठल्या ओळीत?' एवढंच विचारा. खऱ्या हरकतीला बोट ठेवायला जागा असते: फळ्यावरची ओळ, पुस्तकातलं वाक्य, प्रश्नातली अट. जागा दाखवता आली नाही तर प्रश्न चौकटीत जातो आणि तास पुढे सरकतो. ही चाचणी सगळ्यांना सारखी लावायची, हुशार म्हणून नावाजलेल्या मुलालाही. पहिल्या बाकाचं ऐकलं आणि शेवटच्या बाकाला दटावलं, हे मुलं ताबडतोब टिपतात.

अधिकाराबद्दल थोडं. फ्रेंच आणि रेव्हन या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये सत्तेचे पाच आधार मांडले: शिक्षा करण्याची ताकद, बक्षीस देण्याची ताकद, पद, ज्ञान, आणि त्या व्यक्तीबद्दल वाटणारा आदर. रेव्हन यांनी पुढे सहावा जोडला, पटवून देणारी माहिती. शिक्षकाकडे हे सगळेच असतात, प्रश्न रोज कोणता वापरला जातो याचा आहे. शिक्षेचा वचक नजर असेपर्यंतच टिकतो, शिक्षक व्हरांड्यात गेले की संपतो. ज्ञान आणि आदर यांवरचा अधिकार पाठ फिरल्यावरही टिकतो. प्रमेय यांनी सांगितलेली 'माझं चुकलं' ही कबुली पदाला किंचित खर्च पाडते, पण आदरात भर घालते. ज्यांच्याकडे फक्त पद आहे त्यांनाच हा खर्च परवडत नाही.

जेकब कूनिन यांचं वर्गशिस्तीवरचं संशोधन (१९७०) इथे फार उपयोगी आहे. एका मुलाला टोकलं की त्याचा परिणाम बघणाऱ्या बाकीच्यांवरही होतो. लहान मुलांच्या वर्गांत दिसलं की टोकण्यातल्या स्पष्टपणाने, म्हणजे काय थांबवायचं आणि काय करायचं हे सांगितल्याने, बघणारी मुलं नीट वागतात, तर नुसत्या कठोरपणाने ती अस्वस्थ होतात. शिवाय चांगला चाललेला आणि बिघडलेला वर्ग यांतला फरक शिक्षक गैरवर्तनानंतर काय करतात यापेक्षा ते आधी किती लक्ष ठेवून असतात यात जास्त होता.

मागचा_बाक
विद्यार्थ्यांच्या बाजूने लिहितो, कारण हरकत कशी घ्यायची हे मुलांना कुणी शिकवत नाही आणि मग चुकीच्या सुराबद्दल शिक्षा मात्र होते.

'सर, तुम्ही चुकलात' आणि 'सर, तिसऱ्या ओळीत उणे चिन्ह होतं, चौथीत अधिक कसं झालं?' दोन्हींत मुद्दा एकच. दुसऱ्या वाक्यात माणूस नाही, ओळ आहे. वर्षाच्या पहिल्या आठवड्यात पंधरा मिनिटं काढून तीन-चार वाक्यांचे साचे मुलांकडून मोठ्याने म्हणवून घ्यावेत:
'मला हे वेगळं मिळालं, माझी पायरी दाखवू का?'
'पुस्तकात असं दिलंय, दोन्हींत फरक का?'
'या नियमाचं कारण समजलं नाही.'
मोठ्याने म्हणवून घेणं महत्त्वाचं. भिंतीवर तक्ता लावून सोडून दिला तर ऐन वेळी एकही वाक्य तोंडात येत नाही.

दुसरं, प्रेक्षक. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांच्या २००५ च्या प्रयोगात गाडी चालवण्याच्या खेळात मित्र सोबत असताना किशोरवयीन मुलांनी एकटं असतानापेक्षा बराच जास्त धोका पत्करला, प्रौढांत तसा फरक दिसला नाही. वर्गात चाळीस प्रेक्षक असतात. म्हणून वाद तापला की शिक्षकांनी आवाज वाढवणं हा सर्वांत वाईट उपाय. प्रेक्षक कमी करा: बाकीच्यांना दोन ओळींचं काम द्या, त्या मुलाच्या बाकाशी जा, हळू आवाजात एकच वाक्य बोला, 'तुझा मुद्दा मला ऐकायचा आहे, तास संपल्यावर दोन मिनिटं थांब', आणि लगेच तिथून दूर व्हा. समोर उभं राहून उत्तराची वाट बघितली की त्याला माघार घ्यायला जागा उरत नाही. तो पुटपुटला तरी त्या क्षणी सोडून द्या. आणि तास संपल्यावर खरंच थांबा.

गुणपत्रक
गुणांवरच्या हरकतीत सर्वांत जास्त कटुता येते आणि तिचं मूळ बहुतेक वेळा पद्धत नसण्यात असतं. उत्तरपत्रिका वाटल्या, टेबलाभोवती दहा जण जमले, जो जास्त रेटतो त्याचा अर्धा गुण वाढतो. गप्प बसणाऱ्यांवर हा सरळ अन्याय आहे.

चालणारी पद्धत अशी. उत्तरपत्रिका देताना गुणांची फोड सोबत द्या: पाच गुणांच्या उत्तरात सूत्र १, मांडणी १, आकडेमोड २, एकक १. त्या दिवशी एकही हरकत घ्यायची नाही. दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस, फक्त लेखी. अर्ध्या कागदावर तीन गोष्टी: प्रश्न क्रमांक, फोडीतला कोणता भाग, आणि 'माझ्या उत्तरात तो कुठे आहे' याचं एक वाक्य. बेरजेची चूक असेल तर कागद नको, दाखवा आणि लगेच दुरुस्त. उत्तर आठवड्याच्या आत, तेही लेखी, एका ओळीत का होईना.

एका दिवसाच्या थांबण्याने रागाच्या भरातल्या हरकती गळून जातात. तिसऱ्या वाक्यासाठी उत्तर पुन्हा वाचावं लागतं, त्यात बऱ्याच मुलांना आपली चूक स्वतःच सापडते. आणि एकाच प्रश्नावर सहा-सात कागद आले तर दोष मुलांत शोधू नका. प्रश्नाची भाषा संदिग्ध आहे किंवा फोड चुकली आहे. तेव्हा कागद न देणाऱ्यांचंही ते उत्तर पुन्हा तपासायला हवं.

वेळापत्रक
फेरतपासणीत गुण कमी होऊ शकतात का? 'कमीही होतील' असं सांगितलं की फुकटच्या हरकती थांबतात.

गुणपत्रक
थांबतात, पण खऱ्याही थांबतात. आधीच भिडस्त असलेलं मूल पहिलं मागे सरतं. मी असं सुचवेन: फक्त हरकत घेतलेला भाग तपासायचा, बाकी उत्तराला हात लावायचा नाही. त्या भागात जास्त गुण दिले गेलेले आढळले तर चूक आपली, विद्यार्थ्याला ती दाखवायची पण गुण कापायचे नाहीत. फुकटच्या हरकतींना ते तिसरं वाक्यच पुरेसं अडवतं. आणि शक्य असेल तिथे दुसऱ्या शिक्षकांनी पहिले गुण झाकून ते उत्तर तपासावं. पहिला आकडा दिसला की तपासणाऱ्याचा हात त्याच्याच आसपास फिरतो.

अधोरेखित
एक बाजू राहतेय. शिक्षक मुलांवर टीका करतात, तिची भाषा मुलं उचलतात. 'तुला काही येत नाही' ऐकलेला मुलगा संधी मिळताच 'तुम्हाला शिकवता येत नाही' म्हणणार. साचा तोच.

क्लूगर आणि डेनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायांवरचे प्रयोग एकत्र तपासले. सरासरीने अभिप्रायाचा फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून अधिक प्रयोगांत कामगिरी उलट खालावली. त्यांचं स्पष्टीकरण असं की लक्ष कामावरून स्वतःकडे, म्हणजे 'मी कसा आहे' याकडे वळलं की अभिप्रायाची ताकद घटते. म्हणून वहीतला शेरा 'निष्काळजीपणा!' असा नको. 'दुसऱ्या परिच्छेदात मत आहे, पुरावा नाही. एक उदाहरण जोड' असा हवा. यात जागा आहे, उणीव आहे आणि पुढची कृती आहे. मुलांकडून आपण ज्या शिस्तीची हरकत मागतो, तीच शिस्त लाल शाईला लावायची.

चिठ्ठी
तिसऱ्या प्रकारावर, म्हणजे पद्धतीवरच्या टीकेवर सविस्तर लिहिते. इथे चांगल्या हेतूचे प्रयत्न सर्वांत जास्त फसतात.

सत्राच्या पाचव्या-सहाव्या आठवड्यात लेखी अभिप्राय घ्या. सत्र संपताना घेतला तर त्या मुलांना त्याचा काही उपयोग होत नाही, आणि हे त्यांना कळतं. परीक्षेचा निकाल लागला त्या आठवड्यात घेऊ नका, सगळ्या चिठ्ठ्या गुणांबद्दल येतात. सात-आठ मिनिटं द्या, पण तासाच्या शेवटी नको. घंटेकडे कान लागलेलं मूल 'सगळं छान' लिहून मोकळं होतं.

प्रश्न तीनच:
कोणत्या गोष्टीमुळे या विषयात शिकायला मदत होते?
कोणत्या गोष्टीमुळे अडतं? एक प्रसंग किंवा धडा लिहा.
एक बदल सुचवा, जो पुढच्या आठवड्यात करता येईल.

'शिक्षक आवडतात का?' हा प्रश्न नको, दहापैकी गुणही नको. आकडा आला की शिक्षकांचं मन त्यालाच चिकटून राहतं आणि काय बदलायचं ते कळत नाही.

अनामिकता खरी असावी. शिक्षक हस्ताक्षर ओळखतात, म्हणून छापील अक्षरात लिहायला सांगा किंवा दुसऱ्या विषयाच्या शिक्षकांकडून मजकूर टंकून घ्या. चिठ्ठ्या वर्गप्रमुखाने गोळा करू नयेत, तो वाचतो असा संशय पुरेसा असतो. दाराशी बंद खोका ठेवा. दहा-बाराच मुलांचा वर्ग असेल तर अनामिकतेचं वचनच देऊ नका, ते पाळता येणार नाही. तिथे चौघांच्या गटाने मिळून एक कागद लिहावा.

आता जिथे बहुतेक जण घसरतात ती पायरी: चार-पाच दिवसांत वर्गाला उत्तर देणं. चिठ्ठ्यांचे तीन ढीग करा. जे बदलणार, जे बदलता येणार नाही आणि त्याचं कारण, आणि ज्यावर वर्गाची मतं विभागली आहेत. तिसरा ढीग मुलांना दाखवणं फार मोलाचं असतं. अकरा जणांना वेग जास्त वाटतो आणि नऊ जणांना कमी, हे फळ्यावर लिहिलं की शिक्षकांची अडचण प्रथमच त्यांच्या नजरेस येते. कुणाचं वाक्य जसंच्या तसं वाचू नका, शब्दांवरून माणूस ओळखू येतो. 'हे कुणी लिहिलं?' हा प्रश्न तर विनोदानेही नको, तो एकदा आला की पुढच्या वेळी खोक्यात कोरे कागद पडतात.

बदल एक किंवा दोनच जाहीर करा आणि त्याच आठवड्यात सुरू करा. उदाहरणार्थ, 'काही शंका?' विचारून शिक्षक लगेच पुढे जातात अशी चिठ्ठी हमखास येते. मेरी बड रो यांच्या १९७० च्या दशकातल्या अभ्यासात शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एकच सेकंद थांबत असल्याचं दिसलं होतं. थांबणं तीन सेकंदांवर नेल्यावर उत्तरं लांबली, आणि मुलांकडून येणारे प्रश्नही वाढले. तीन सेकंद फार थोडे वाटतात, पण फळ्यासमोर उभं राहून मोजताना ते जड जातात. मनात सावकाश आकडे मोजायची सवय लावावी लागते.

मागचा_बाक
+१. शिवीगाळ असलेल्या चिठ्ठीचं काय करावं?

चिठ्ठी
शिवी बाजूला काढा आणि खाली मुद्दा आहे का बघा. असेल तर तो ढिगात जातो, शिवीचा उल्लेख नाही. काहीच नसेल तर फाडून टाका. पन्नासांतल्या एका चिठ्ठीवर सगळ्या वर्गाला भाषण दिलं तर उरलेल्या एकोणपन्नास जणांना प्रामाणिक लिहिल्याची शिक्षा होते. मात्र चिठ्ठीत धमकी, मारहाण, स्पर्श किंवा स्वतःला इजा करण्याचा उल्लेख असेल तर ती गुप्त ठेवायची नाही, त्याच दिवशी शाळाप्रमुख आणि समुपदेशकांकडे द्यायची. आणि हा अपवाद चिठ्ठ्या लिहून घेण्याआधीच मुलांना सांगून ठेवायचा.

ओलीसुकी
चौथ्या प्रकारावर थोडक्यात. बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारातलं १२ वं कलम सांगतं की मुलाशी संबंधित बाबींत त्याला मत मांडण्याचा हक्क आहे आणि वय व समज बघून त्या मताला वजन द्यायला हवं. 'वजन' याचा अर्थ मूल म्हणेल ते खरं असा नाही, पण त्याचं ऐकून तपास करणं टाळता येत नाही.

तक्रार करणाऱ्या मुलाने तारीख, तास, नेमके शब्द आणि कोण हजर होतं एवढं त्याच दिवशी लिहून ठेवावं. 'ते नेहमी अपमान करतात' यावर कुणालाच काही करता येत नाही. 'मंगळवारी तिसऱ्या तासाला, उत्तर चुकल्यावर, असं म्हणाले' यावर विचारणा होऊ शकते. शाळेने तक्रार कोणाकडे करायची त्या दोन व्यक्ती वर्षाच्या सुरुवातीला सांगाव्यात, त्यांतली एक तरी त्या वर्गाला न शिकवणारी असावी. तपास चालू असताना त्या मुलाची उत्तरपत्रिका दुसऱ्या शिक्षकांनी तपासावी. यात शिक्षकांचंही संरक्षण आहे, सूड घेतल्याचा आरोप उभाच राहत नाही. शिक्षकांची बाजू ऐकल्याशिवाय निष्कर्ष नको, आणि दोघांना पहिल्याच दिवशी समोरासमोर बसवू नये. ताकद सारखी नसलेल्या दोघांत अशी बैठक म्हणजे धाकट्याने शब्द मागे घेण्याची जागा ठरते.

वेळापत्रक
बरंच पटलं. शेवटचा प्रश्न: वर्ष अर्धं सरलंय, वर्ग बिघडलेला आहे, मुलं टोमणे मारतात आणि शिक्षक ओरडतात. अशा वर्गात यातलं सगळं एकदम सुरू केलं तर गोंधळ होईल. कुठून धरावं?

खडूफळा
चिठ्ठ्यांपासून तर मुळीच नाही. चिडलेल्या वर्गात त्या हत्यार होतात.

आधी गुणांची फोड आणि लेखी हरकत. त्यात कुणालाच चारचौघांत बोलावं लागत नाही, आणि पहिल्या आठवड्यातच मुलांना एक गोष्ट दिसते की कागद दिला की उत्तर येतं. मग फळ्यावरची चौकट, पण दिवसाला दोनच प्रश्न, आणि दुसऱ्या दिवशी पहिली पाच मिनिटं त्यांना. टोमणा आला तर 'कुठल्या ओळीत?' एवढंच विचारा आणि पुढे चला. आवाज न चढवता रोज तेच विचारलं गेलं की टोमणा मारण्यातली मजा हळूहळू जाते. साच्यांची पंधरा मिनिटं त्यानंतर. चिठ्ठ्या पाचव्या आठवड्यात, त्याही एकाच प्रश्नाच्या: एक बदल सुचवा.

शिक्षकांनी ओरडणं थांबवणं हे या यादीत लिहून होणार नाही. पण शेवटच्या तासाला, सगळे दमलेले असताना भडका जास्त उडतो. त्या तासाला नवा धडा न घेता लेखी सराव ठेवला तर निम्मे प्रसंग मुळात उभेच राहणार नाहीत. वेळापत्रक बदलून मिळत असेल तर तो तास आधी बदलून घ्या.